अपत्यसंख्येचा निर्णय : बेकर यांच्या गृहीतकाची मर्यादा

१९६० मध्ये गॅरी बेकर यांनी कुटुंबाच्या आकारमानाचा प्रश्न उपभोक्ता-सिद्धांताच्या चौकटीत आणला. अपत्याला टिकाऊ उपभोग्य वस्तूच्या पंक्तीत बसविणे अनेकांना खटकले. परंतु उत्पन्न वाढूनही अपत्ये कमी का होतात, या कोड्याची उकल त्याच मांडणीतून पुढे झाली. प्रत्येक अपत्यावरील खर्च वाढला की आणखी एका अपत्याची किंमतही वाढते, हा दुवा बेकर आणि ग्रेग लुईस यांनी १९७३ मध्ये स्पष्ट केला. येथे ‘गुणवत्ता’ म्हणजे अपत्यावरील अधिक खर्च, नैतिक श्रेष्ठत्व नव्हे. टीकाकार हे बहुधा विसरतात.

पंजाबातील मानुपूर गावाच्या आधारे महमूद ममदानी यांनी १९७२ मध्ये दाखविले की, गरीब शेतकऱ्याला मूल हे श्रमाचे आणि वार्धक्यातील आधाराचे साधन होते. हा आक्षेप महत्त्वाचा असला तरी बेकर यांच्या चौकटीत तो सामावू शकतो. लाभ-खर्चाचे आकडे तेवढे बदलतात. खरी उणीव ‘पालक’ या एकवचनी निर्णयकर्त्यात आहे. १९८१ च्या ग्रंथातील परोपकारी कुटुंबप्रमुखामुळे ती दूर होत नाही, झाकली जाते.

महाराष्ट्राची आकडेवारी या दृष्टीने बोलकी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्याचा एकूण जननदर २००५-०६ मध्ये २.१ होता, तो २०१९-२१ मध्ये १.७ झाला. दुसरीकडे, शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे १९९१ मध्ये ९४६ मुली होत्या. २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ उरल्या. गर्भलिंगनिदानावर निर्बंध घालणारा राज्याचा कायदा तर १९८८ चा. कुटुंब लहान झाले, पण मुलाचा आग्रह त्या प्रमाणात ओसरला नाही.

मुलगा व मुलगी यांचे ‘परतावे’ भिन्न धरले की हेही समीकरणात बसते, असे उत्तर देता येईल. मात्र परतावा कोणाचा आणि किंमत कोणाची? सासरी स्त्रीचे स्थान मुलाच्या जन्मावर अवलंबून असेल, तर तिची ‘पसंती’ तिच्या दुर्बल स्थितीतूनच घडलेली असते. अमर्त्य सेन यांनी १९९० मध्ये कुटुंबांतर्गत सहकार्यातील संघर्षाची जी मांडणी केली, ती येथे अधिक उपयुक्त ठरते. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात राज्यातील सुमारे निम्म्या विवाहित स्त्रियांनी नसबंदी केलेली आढळते. पुरुष नसबंदीचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी आहे.