दरेकसाचा चंद्र एवढा मोठा कसा?

माघ पौर्णिमेला कचारगडची यात्रा भरली की दरेकसाच्या डोंगरावर टेकलेल्या भल्यामोठ्या चंद्राचे फोटो मोबाइलवर फिरू लागतात. बरेचसे मला पटत नाहीत. गणित साधं आहे. चंद्र आकाशात जेमतेम अर्धा अंश व्यापतो. 50 मिमी लेन्सनं सेन्सरवर तो अर्धा मिमीसुद्धा भरत नाही, 500 मिमीनं साडेचार. माणसाएवढा चंद्र हवा तर त्या माणसापासून साधारण 190 मीटर मागं जावं लागतं. मग पुढ्यातली गर्दीही ऐसपैस आणि मागं डोंगराएवढा चंद्रही, हे एका फोटोत बसणार कसं? दोन फोटो चिकटवलेत, दुसरं काय!

बरं, मोठा आणि स्पष्ट या मागण्याही एकमेकींशी भांडतात. डोंगरासोबत तो मिळतो क्षितिजाजवळ, पण तिथल्या हवेच्या जाड थरातून कडा थरथरते. शिवाय पौर्णिमेला ऊन समोरून पडतं, विवरांना सावलीच नसते. ती बघायला अष्टमी बरी. तरी विवरं कोरल्यासारखी दिसतात? 2023 मध्ये सॅमसंगच्या फोनवरून हाच वाद झाला. मुद्दाम धूसर केलेल्या चंद्राच्या चित्रातही फोननं तपशील भरले होते.

गोंड समाजाच्या या यात्रेचे फोटो उद्या कुणी नोंद म्हणून वापरणार. त्यांत लहानसा, धूसर चंद्र असलेला फोटो मी आधी उचलेन.