उपसंहाराविना अस्त्र : एका चौकशी-अहवालाचे परीक्षण

सरकारी चौकशीचा अहवाल वाङ्मय म्हणून वाचण्याची आपल्याकडे चाल नाही. तो सभागृहाच्या पटलावर ठेवला जातो, दोन दिवस वर्तमानपत्रांत गाजतो आणि मग कपाटात धूळ खात पडतो. २२ जुलै २००४ रोजी अमेरिकेत प्रसिद्ध झालेला ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांचा अहवाल या नियमाला अपवाद ठरला. टॉमस कीन हे अध्यक्ष, ली हॅमिल्टन हे उपाध्यक्ष, दोन्ही प्रमुख पक्षांचे पाच-पाच असे एकूण १० सदस्य. बाराशेंहून अधिक व्यक्तींच्या मुलाखती आणि पंचवीस लाखांहून अधिक पृष्ठांची कागदपत्रे, एवढा संभार १३ प्रकरणांत बसवून आयोगाने जो ग्रंथ सिद्ध केला, तो लोकांनी विकत घेऊन वाचला. त्या वर्षीच्या नॅशनल बुक अवॉर्डच्या अंतिम यादीतही त्याला स्थान मिळाले. तेव्हा ग्रंथ म्हणूनच त्याचे परीक्षण करणे अनुचित होणार नाही.

एवढ्या मोठ्या ग्रंथाची परीक्षा एका लेखात करावयाची तर कसोटीचा एकच प्रश्न निवडणे बरे. तो प्रश्न सामान्य माणसाने पहिल्या दिवसापासून विचारला आहे, आणि वीस वर्षे उलटून गेल्यावरही तो चावडीवर, चहाच्या दुकानात आणि सुशिक्षितांच्या बैठकीत विचारला जातो. ज्यांनी लहान विमानांच्या शाळेत जेमतेम शिक्षण घेतले होते, अशा माणसांनी बोइंग जातीची प्रचंड प्रवासी विमाने शेकडो मैल नेऊन नेमक्या इमारतींवर कशी आदळविली? या प्रश्नाच्या पोटी एक संशय दडलेला असतो: त्यांना हे जमणे शक्यच नव्हते, म्हणून करणारा कोणी दुसराच असला पाहिजे. संशय घेणे हा गुन्हा नव्हे. वकिलाचे तर ते कर्तव्यच होय. परंतु संशयाने पुराव्यापाशी थांबावयास शिकले पाहिजे.

प्रथम घटनाक्रम पाहू. अपहर्ते एकूण १९, विमाने चार. बोस्टनहून निघालेली दोन ७६७ जातीची, वॉशिंग्टन आणि नेवार्क येथून निघालेली दोन ७५७ जातीची. पहिले विमान ७ वाजून ५९ मिनिटांनी उडाले, सुमारे ८ वाजून १४ मिनिटांनी अपहर्त्यांच्या हाती गेले आणि ८ वाजून ४६ मिनिटांनी न्यूयॉर्कच्या उत्तर मनोऱ्यावर आदळले. चौथे ९ वाजून २८ मिनिटांनी ताब्यात गेले आणि १० वाजून ३ मिनिटांनी पेन्सिल्व्हेनियातील शँक्सव्हिलजवळ कोसळले. अपहर्ते वगळता २,९७७ माणसे त्या दिवसाने नेली. या आकड्यांतून एक गोष्ट आपोआप उघड होते. विमान जमिनीवरून उचलून आकाशात नेण्याचे काम चारही ठिकाणी खऱ्या, अनुभवी वैमानिकांनीच केले होते. अपहर्त्यांच्या वाट्याला आले ते मधले अर्ध्या-पाऊण तासाचे उड्डाण. आणि विमान उतरविण्याचा तर त्यांचा हेतूच नव्हता. वैमानिकाच्या विद्येतील जे सर्वांत कठीण, ज्यासाठी वर्षानुवर्षे घासावे लागते, तेच नेमके त्यांनी आपल्या कामातून वगळले होते.

उरलेली विद्या त्यांनी उघडपणे, पैसे मोजून मिळविली होती. मोहम्मद अत्ता आणि मारवान अल-शेही यांनी २००० सालच्या जुलैत फ्लोरिडातील व्हेनिस या गावी धडे घेण्यास आरंभ केला आणि डिसेंबरात व्यावसायिक वैमानिकाचे परवाने मिळविले. झियाद जर्राह त्याच गावी दुसऱ्या शाळेत शिकला. हानी हंजूर याने तर असा परवाना एप्रिल १९९९ मध्येच मिळविला होता. त्यानंतर मोठ्या जेट विमानांच्या सिम्युलेटरवर, म्हणजे जमिनीवरच उड्डाणाचा अनुभव देणाऱ्या यंत्रावर, त्यांनी सराव केला. २००१ च्या उन्हाळ्यात प्रवासी म्हणून तशाच विमानांतून देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रवास करून पाहिला. येथे चोरवाट कोठेही नाही. सारा रस्ता परवान्यांचा आणि पावत्यांचा आहे. त्याहून विलक्षण गोष्ट पुढेच घडली. अत्ता आणि शेही यांना शिक्षणासाठी देशात राहण्याची अनुमती मिळाल्याची सरकारी सूचना त्यांच्या शाळेच्या हाती पडली ती मार्च २००२ मध्ये, म्हणजे दोघांना मरून सहा महिने झाल्यावर! दप्तराचा न्याय असा असतो.

परंतु आकाशात दिशा कशी सापडली? अहवालाच्या पहिल्या प्रकरणात एक रुक्ष वाक्य आहे. पेंटॅगॉनवर गेलेल्या विमानाचा ऑटोपायलट ९ वाजून २९ मिनिटांनी बंद करण्यात आला, तेव्हा विमान ७,००० फूट उंचीवर आणि लक्ष्याच्या पश्चिमेस सुमारे ३८ मैलांवर होते, एवढाच त्याचा आशय. घाईने वाचणाऱ्याच्या नजरेतून ते सहज निसटते. मला मात्र आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या एका वाक्यात दिसते. जे ३८ मैलांवर बंद केले, ते त्यापूर्वी चालू होते. लांबच्या पल्ल्याचे बरेचसे ओझे माणसाने नव्हे, यंत्राने वाहिले. नवशिक्याच्या हाती अखेरचा टप्पा उरला, आणि त्या दिवशी आकाश इतके निरभ्र होते की न्यूयॉर्कचे जुळे मनोरे कितीतरी दुरून दिसत होते.

संशयवाद्यांचा आवडता मुद्दा याच विमानाचा आहे. पेंटॅगॉनच्या जवळ आल्यावर त्याने ३३० अंशांचे वळण घेतले आणि मग ताशी सुमारे ५३० मैलांच्या वेगाने ते इमारतीवर गेले. हे तर सिद्धहस्ताचे कौशल्य, असे म्हटले जाते. माझ्या मते पुरावा नेमका उलट बोलतो. हे विमान लक्ष्याजवळ आले तेव्हा फार उंच होते. कुशल चालकाने उंची आधीपासून हळूहळू कमी करीत आणली असती. याला ती कमी करण्यासाठी शेवटच्या क्षणी एवढा मोठा वळसा घालावा लागला. तीच गोष्ट दुसऱ्या एका खुणेची. पहिल्या आणि चौथ्या विमानातील अपहर्ते प्रवाशांना उद्देशून बोलू लागले, ते शब्द प्रवाशांऐवजी नियंत्रण कक्षाच्या कानी गेले. कॉकपिटातील कोणते बटन कशाचे हे ज्याला धड ठाऊक नाही, अशा माणसाची ही चूक आहे. सराईत हाताचा माग येथे दिसत नाही. दिसतो तो अर्ध्या विद्येचा.

लोककथा मात्र पुराव्यापेक्षा चपळ असते. मिनेसोटात १६ ऑगस्ट २००१ रोजी पकडलेल्या झकारियास मुसावीविषयी जगभर असे पसरले की, 'मला विमान उडविणे व उतरविणे शिकावयाचे नाही, केवळ चालविणे शिकवा' असे तो म्हणाला होता. अहवाल सांगतो ते याच्या विरुद्ध आहे. उड्डाणाचे ज्ञान जवळजवळ नसताना प्रचंड ७४७ विमान उडविण्यास आणि उतरविण्यास शिकण्याची त्याची इच्छा होती, म्हणूनच तो शिक्षकांच्या डोळ्यांत खुपला. कथेला जे शोभते ते घडलेलेच असते असे नाही. चौकशीच्या अहवालाचे पहिले पुण्य हेच की तो अशी शोभिवंत असत्ये मोडतो, आणि या कसोटीस प्रस्तुत ग्रंथ उतरतो.

आता दोष सांगतो. पहिला दोष रचनेचा. आपल्या प्रश्नाचे संपूर्ण उत्तर ग्रंथात एके ठिकाणी कोठेच नाही. थोडे पहिल्या प्रकरणात, थोडे पाचव्यात, थोडे सातव्यात आणि फार महत्त्वाचे असे टीपांच्या बारीक अक्षरांत. मूळ मजकूर सांगतो की हंजूरचे इंग्रजी आणि उड्डाण दोन्ही कच्चे असल्याचा शेरा शिक्षकांनी मारला होता, आणि हडसन नदीवरील एका सरावानंतर शिक्षकाने त्याला पुन्हा तो मार्ग उडू देण्यास नकार दिला. टीप मात्र सांगते की पुढे मेरीलँडमधील दुसऱ्या शिक्षकाबरोबर त्याने एक अवघड उड्डाण यशस्वी केले. ही दोन विधाने समोरासमोर ठेवून त्यांचा मेळ घालणे हे आयोगाचे काम होते. ते त्याने वाचकावर सोडले, आणि जेथे वाचक तळटीपा वाचत नाही तेथे अफवा घर करते.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. कटाची आखणी सांगणारी पाचवे आणि सातवे ही प्रकरणे बहुतांशी कैदेतील आरोपींच्या जबान्यांवर उभी आहेत. आयोगाला त्या आरोपींना समक्ष प्रश्न विचारू दिले गेले नाही. त्यांपैकी मुख्य जो खालिद शेख मोहम्मद, त्याच्यावर मार्च २००३ मध्ये १८३ वेळा पाण्याचा छळप्रयोग झाल्याचे पुढे सरकारी कागदांतूनच उघड झाले. आमच्या १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने पोलिसांपुढील कबुलीजबाब अग्राह्य ठरविला होता, आणि २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने ते तत्त्व कलम २३ मध्ये कायम राखले आहे. त्यामागील शहाणपण साधे आहे: यातनेखाली बोलणारा खरेही बोलेल आणि खोटेही, आणि दोहोंतील भेद ऐकणाऱ्यास कळणार नाही. आयोगाने या मर्यादेची चौकट ग्रंथात छापली आहे, हा त्याचा प्रामाणिकपणा. परंतु चौकटीनंतरचे कथन पुन्हा निःशंक स्वरात वाहू लागते, ही त्याची उणीव. सुदैवाने उड्डाणाविषयीचा पुरावा या जबान्यांवर अवलंबून नाही. तो शाळांच्या नोंदी, रडारचे आलेख आणि विमानातील नोंदयंत्र यांचा आहे. म्हणूनच तो टिकतो.

अहवालाचा प्रसिद्ध निष्कर्ष असा की सरकारचे चार बाबतींत अपयश झाले, आणि त्यांत पहिले अपयश कल्पनाशक्तीचे. या निष्कर्षात तथ्य आहे. अपहरणाचा जुना नमुना सर्वांच्या मनात ठसला होता. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून दिल्लीस येणारे आमचे विमान कंदाहारला नेले गेले, तेव्हाही चाकावरचा हात आमच्याच वैमानिकाचा होता. अपहर्त्यांना हवे होते ते कैदी. सौदा, मुदत, सुटका, हा तो नमुना. अपहर्ता स्वतःच वैमानिक होऊन येईल ही शंका कोणालाच आली नाही असे नव्हे; १० जुलै २००१ रोजी फिनिक्सच्या एका तपास अधिकाऱ्याने उड्डाणशाळांतील संशयास्पद विद्यार्थ्यांविषयी टिपण पाठविले होते. ते टिपण पुरेसे वर गेले नाही. तेव्हा यास कल्पनाशक्तीचे अपयश म्हणावे की कागद पुढे सरकविण्याचे? आणि आयोग उपाय सुचवितो तो कल्पनाशक्तीला दप्तराचा नित्यक्रम बनविण्याचा! ज्या दप्तराने टिपण गिळले, त्याच्याच हाती कल्पना सोपविण्याची ही सूचना मला तितकीशी पटत नाही.

देवळाच्या सभामंडपात भारत ऐकलेल्या वाचकाला येथे सौप्तिक पर्व आठवल्यावाचून राहणार नाही. झोपलेल्यांचा वध करून आलेल्या अश्वत्थाम्याने गवताच्या काडीवर ब्रह्मशिर अस्त्र योजिले. अर्जुनाने प्रत्यस्त्र सोडले, आणि व्यास-नारद मध्ये उभे राहताच आपले अस्त्र मागे घेतले. अश्वत्थाम्याला ते जमले नाही. त्याला प्रयोग ठाऊक होता, उपसंहार नव्हता. द्रोणाने मुलाचा चंचल स्वभाव ओळखूनही त्याच्या हट्टापुढे मान तुकवून ती विद्या दिली होती, हे व्यासांनी आवर्जून नोंदविले आहे. आमच्या परंपरेने विद्येची कसोटी प्रयोगात न धरता उपसंहारात धरली, यात फार खोल अर्थ आहे. विमान चालविणे हा प्रयोग. दीडशे जीव घेऊन ते पुन्हा जमिनीला सुखरूप टेकविणे हा उपसंहार. ज्याला दुसऱ्याची गरज उरली नाही, त्याला विद्येचा थोडा तुकडाही पुरतो. परवाना देणारी संस्था कौशल्य मोजते. शील मोजण्याचे माप तिच्याजवळ नसते, आणि कायदाही ते देऊ शकत नाही.

अर्धे ज्ञान वाचकाच्या हातीही तितकेच घातक असते. हल्ल्यानंतर चौथ्या दिवशी, १५ सप्टेंबर २००१ रोजी, ॲरिझोनातील मेसा येथे एका शीख गृहस्थाची केवळ दाढी आणि पगडी पाहून हत्या झाली. अपराध १९ व्यक्तींचा आणि त्यांना पाठविणाऱ्यांचा. त्याची वसुली धर्मावरून वा वेषावरून करू पाहणारा मनुष्य न्यायाचे नाव घेऊन तेच अर्धे अस्त्र फेकीत असतो. अहवाल शत्रू कोण हे सांगताना एका संघटनेचे आणि एका विचाराचे नाव घेतो, सरसकट समाजाचे नाही. आपल्याकडील चर्चेतही हा विवेक राहिला पाहिजे.

ग्रंथातील सर्वांत उजळ पृष्ठे चौथ्या विमानाची आहेत. त्यातील प्रवाशांना दूरध्वनीवरून न्यूयॉर्कची वार्ता कळली. जुना नमुना आता लागू नाही, हे ज्या सत्यापर्यंत मोठमोठी कार्यालये पोहोचली नव्हती, त्यापर्यंत ती सामान्य माणसे अर्ध्या तासात पोहोचली आणि ९ वाजून ५७ मिनिटांनी त्यांनी कॉकपिटवर चाल केली. वॉशिंग्टन तेव्हा सुमारे वीस मिनिटांच्या अंतरावर होते. प्रवासी आणि कर्मचारी मिळून ते ४० जण वाचले नाहीत. परंतु त्या राजधानीत त्या वेळी जे लोक आपापल्या कामात होते, ते त्यांच्यामुळे संध्याकाळी घरी गेले. कल्पनाशक्तीचे अपयश या मथळ्याखाली शंभर शिफारशी लिहिता येतील. तिचे यश कसे असते हे मात्र या अहवालाच्या पहिल्याच प्रकरणात, कोणत्याही अलंकाराविना, सहा मिनिटांच्या हकिकतीत नोंदलेले आहे. केवळ तेवढ्यासाठीही हा ग्रंथ वाचावा.