नकाशा लोहाचा, रोग ऑक्सिजनचा

अकोल्याच्या एका शालेय विज्ञान प्रदर्शनात आम्ही एक देखणा तक्ता पाहिला. हिमोग्लोबिनचा रेणू, त्यात लोहाचे चार लाल ठिपके आणि खाली ओळ : ‘इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने टिपलेले छायाचित्र’. आमची हरकत या शेवटच्या शब्दाला आहे.

रेणूतील मूलद्रव्यांचा नकाशा टिपला जात नाही, तो वजाबाकीतून काढावा लागतो. नमुन्यातून आरपार जाताना काही इलेक्ट्रॉन ऊर्जा गमावतात. फॉस्फरसच्या (आपल्या शेतकऱ्यांच्या भाषेत स्फुरदाच्या) आतल्या कवचातील इलेक्ट्रॉन उखडायला सुमारे १३२ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. पण इतर अणूंमुळेही तेवढीच ऊर्जा गमावलेले इलेक्ट्रॉन कितीतरी असतात. म्हणून त्या ऊर्जेच्या अलीकडची चित्रे घेऊन ही पार्श्वभूमी किती असेल याचा अंदाज बांधायचा आणि तो पलीकडच्या चित्रातून वजा करायचा. अंदाज चुकला, तर नसलेला फॉस्फरसही ‘दिसतो’. रंग तर शेवटी माणूसच भरतो. शिवाय पुरेसे इलेक्ट्रॉन मोजून होईपर्यंत त्यांच्याच माऱ्याने नाजूक रेणूची मोडतोड होते.

तरीही पद्धत टाकाऊ नाही. १९८१ मध्ये टोरांटोच्या बॅझेट-जोन्स आणि ओटेन्समायर यांनी न्यूक्लिओसोममधील फॉस्फरसचा नकाशा प्रसिद्ध केला. निवड चोख होती. डीएनएच्या कण्यात प्रत्येक दुव्याला फॉस्फरस, हिस्टोन प्रथिनांत जवळजवळ नाही. म्हणजे फॉस्फरस सापडला की डीएनए सापडला.

हिमोग्लोबिनचे तसे नाही. आपल्या मेळघाटात सिकलसेलचे रुग्ण आहेत, म्हणून हे उदाहरण वर्गात जरूर घ्यावे. या आजारात बीटा साखळीतील एका ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते. दोन्हींची सूत्रे फळ्यावर लिहून पाहा : कार्बन पाच-पाच, नायट्रोजन एक-एक. फरक एवढाच, की व्हॅलिनमध्ये ऑक्सिजनचे दोन अणू कमी आणि हायड्रोजनचे दोन जास्त. रेणूत बीटा साखळ्या दोन, म्हणजे सुमारे आठशेपैकी चार ऑक्सिजन कमी. हायड्रोजन तर या पद्धतीला गवसतच नाही. लोहाचे अणू मात्र निरोगी आणि रोगट, दोन्ही रेणूंत चारच! तो तक्ता कितीही अचूक असता, तरी आजाराबद्दल मुकाच राहिला असता.

पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये हा फरक ओळखला तो चित्रावरून नव्हे, तर विद्युतक्षेत्रात दोन हिमोग्लोबिनांची चाल वेगळी पडते यावरून. सिकलसेलच्या तपासणीत आजही इलेक्ट्रोफोरेसिस वापरतात.