गर्दुल्ल्याचा फोटो, विकणाऱ्याचा पुतळा

अमेरिकेत ऑरेगॉन राज्यात मल्टनोमा नावाची काउंटी आहे. पोर्टलंड शहर तिच्यातच येतं. तिथल्या शेरीफच्या खात्यानं २००४ साली एक उद्योग केला. तीच तीच माणसं पुन्हा पुन्हा धरून आणली जातात, दर खेपेला त्यांचा फोटो निघतो. खात्यातल्या एका डेप्युटीनं हे जुने फोटो उपसले आणि एकाच माणसाचे दोन फोटो शेजारी शेजारी लावले. डावीकडे आधीचा, उजवीकडे नंतरचा. मधे कुठे काही महिने, कुठे काही वर्षं. डावीकडे भरलेले गाल, उजवीकडे बसलेली गालफडं, खाजवून खाजवून झालेल्या जखमा, गेलेले दात. नाव दिलं ‘फेसेस ऑफ मेथ’. मेथ म्हणजे मेथॅम्फेटामाइन. पेपरात छापून आलं, शाळाशाळांतून पोरांना दाखवलं गेलं, पुढं जगभर फिरलं.

मित्रांनो, हे फोटो बघून माणूस हादरतो. हादरावं म्हणूनच ते जोडीनं लावलेत. नशेनं शरीराची माती होते हे खोटं नाही, आणि ते नाकारणारा आपला मित्रच नव्हे. पण हादरणं वेगळं आणि कळणं वेगळं. ही फोटोची जोडी नीट सोलून बघितली तर आत भलतंच निघतं.

डावीकडच्या फोटोला ते ‘आधीचा’ म्हणतात. कशाच्या आधीचा? तोही तुरुंगातलाच आहे की! ह्या माणसाचा शाळेतला फोटो असेल, लग्नातला असेल, कामावरच्या बिल्ल्यावरचा असेल. तो कुणी शोधायला गेलं नाही. पोलिसांच्या लेखी माणसाचा जन्म पहिल्या अटकेच्या दिवशी होतो. आणि उजवीकडच्या फोटोनंतर? जो सुधारला, कामाला लागला, तो पुन्हा पकडला जात नाही. म्हणून त्याचा तिसरा फोटो निघतच नाही. ही पद्धतच अशी की तिच्यात माणूस फक्त बिघडू शकतो. शिवाय हे फोटो कोर्टानं निकाल द्यायच्या आधीचे. खटला पुढं सुटो नाहीतर उभा राहो, चेहऱ्यावर शिक्षा होऊन बसली.

दातांचंच घ्या. मेथनं तोंड कोरडं पडतं, माणूस रात्रभर दात खातो, दात किडतात, हे खरं. पण खिशात पैसा नसलेल्या माणसाचे दात नशा न करताही पडतात. अमेरिकेत दाताचा डॉक्टर गरिबाला परवडत नाही. झोप नाही, घर नाही, धड अन्न नाही. ते सगळं त्या उजव्या फोटोत आहे, पण खाली लिहिलंय एकच कारण.

समोरून एक आणि बाजूनं एक, असा आरोपीचा फोटो काढायची शिस्त पॅरिसच्या पोलिसांतल्या बर्तिलाँनं १८८०च्या दशकात लावली. आपल्याकडं तर इंग्रजानं त्याही आधी सुरुवात केली होती. १८६८ ते १८७५ मध्ये ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड निघाले. त्यात जातीजमातींचे फोटो आणि शेजारी त्यांच्या स्वभावाचे शेरे. कित्येकांच्या कपाळी चोरीचा शिक्का. त्याच काळात, १८७१ साली, गुन्हेगार जमातींचा कायदा आला, तो १९५२ पर्यंत टिकला. आपल्यातल्या ज्यांचे आजे-पणजे चौकीवर हजेरी लावायला जायचे, त्यांना मल्टनोमाचा फोटो बघायला चष्मा लागणार नाही.

आता ह्या विषयातली खरी मेख. मेथॅम्फेटामाइन म्हणजे काही अंधाऱ्या गल्लीत जन्मलेला राक्षस नव्हे. जर्मनीत १९३८ पासून ते ‘पर्व्हिटिन’ नावानं दुकानात गोळ्यांच्या रूपात मिळायचं, आणि महायुद्धाच्या सुरुवातीच्या लढायांत सैनिकांना जागं ठेवायला वाटलं गेलं. अमेरिकेत आजही ‘डेसॉक्सिन’ नावाची गोळी डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळते. औषध तेच. चिठ्ठीवालं कायदेशीर, पुडीतलं बेकायदेशीर. त्या जर्मन सैनिकांच्या फोटोंची जोडी लावून शाळेत दाखवल्याचं ऐकिवात नाही.

पोलिसी कॅमेरा बाजूला ठेवू. कलावंताच्या कॅमेऱ्याकडं येऊ. तिथं तरी काय चाललंय?

लॅरी क्लार्कचं ‘टल्सा’ हे पुस्तक १९७१ साली निघालं. ओक्लाहोमा राज्यातलं टल्सा हे त्याचं गाव. आई घरोघर जाऊन तान्ह्या पोरांचे फोटो काढायची, हा तिच्या हाताखाली शिकला. सोळाव्या वर्षी अॅम्फेटामाइनची सुई टोचायला लागला. कुठून मिळायचं? तर सर्दीसाठी नाकात ओढायची एक नळी औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळायची, तिच्यातून. म्हणजे इथंही सुरुवात दुकानातूनच. १९६३ पासून त्यानं आपल्या दोस्तांचे फोटो काढले: सुया, पिस्तुलं, उघडी शरीरं. तो बाहेरून आलेला पाहुणा नव्हता, ही ह्या पुस्तकाची ताकद. तिथं कोण कॅमेऱ्याकडं बघून कसनुसं हसत नाही. घरातलाच माणूस फोटो काढतोय, त्याच्याकडं काय बघायचं?

पण मला हे पुस्तक अर्धंच पटतं. त्यात एक गरोदर बाई खिडकीच्या उजेडात सुई टोचतेय. उजेड इतका देखणा की बघणाऱ्याला चर्चमधलं चित्र आठवावं. पुढं शवपेटीत तान्हं मूल. ह्या दोन फोटोंमधे त्या बाईचं काय झालं, तिच्याकडं पैसे होते का, ती काय म्हणत होती, काही नाही. ती आली, उजेडात बसली, गेली. पोरांना पुस्तकात निदान आयुष्य आहे, बायांना फक्त अंग आहे. दोस्ताचा कॅमेरासुद्धा सगळ्यांचा दोस्त नसतो.

युजीन रिचर्ड्सचं ‘कोकेन ट्रू, कोकेन ब्लू’ १९९४चं. ब्रुकलिनमधल्या आणि फिलाडेल्फियातल्या गरीब वस्त्यांत तो महिनोन् महिने राहिला, तिथल्या माणसांचं बोलणं पुस्तकात छापलं, हे त्याचं मोठेपण मान्य. पण पुस्तकात बहुतेक माणसं काळी आणि लॅटिनो. न्यूयॉर्क टाइम्समधल्या ब्रेंट स्टेपल्स ह्या काळ्या लेखकानं तेव्हाच ह्यावर बोट ठेवलं. बोट बरोबर जागी होतं. कारण गोरा माणूस कोकेन ओढतो तो दार लावून, काचेच्या टेबलावर. आणि कॅमेरा दार लावलेल्या घरात शिरत नाही. तो शिरतो जिथं दारच नाही तिथं. कायद्याचंही तसंच. १९८६च्या अमेरिकी कायद्यानं क्रॅक म्हणजे कोकेनचा स्वस्त खडा ५ ग्रॅम सापडला की किमान पाच वर्षं. कोकेनच्या पावडरीला तीच शिक्षा व्हायला ५०० ग्रॅम लागायचे. एकाला शंभर! २०१० साली ते एकाला अठरा केलं. च्यायला, म्हणजे अजून अठरा.

जरा आपल्या खिशात हात घालू. खात्यात सगळीकडं कापूस, बिडी पेटवता येत नाही, म्हणून मिलवाला तंबाखू खातो. पाळी संपेपर्यंत डोळे उघडे ठेवायचं ते सर्वांत स्वस्त औषध. त्या पुडीवर २००९ पासून चित्र छापतात, २०१६ पासून तर पुडीचा ८५ टक्के भाग: सडलेलं तोंड, फाटलेला गाल. हे चित्र मला पूर्ण फालतू वाटत नाही. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही ते वाचता येतं, आणि मालकाच्याच मालावर मालकाला ते छापावं लागतं, हे मल्टनोमापेक्षा बरं. तरीसुद्धा बघा, त्याच पुडीवर दोन गोष्टी आहेत. तोंड खाणाऱ्याचं, नाव विकणाऱ्याचं. तोंडाला नाव नाही आणि नावाला तोंड नाही.

हीच गाठ सोडवायचा ज्या बाईनं प्रयत्न केला ती नॅन गोल्डिन. १९७९ पासून न्यूयॉर्कच्या नाइटक्लबांतून, बारमधून ती आपल्या मित्रमैत्रिणींच्या स्लाईड दाखवायची. गाण्यांच्या साथीवर सातशेच्या आसपास स्लाईड. ‘द बॅलड ऑफ सेक्शुअल डिपेंडन्सी’ हे तिचं नाव, पुस्तक १९८६ साली आलं. बघायला कोण? तर ज्यांचे फोटो तेच. एखाद्याला आपला फोटो नको वाटला तर तो काढून टाकला जायचा. मल्टनोमाच्या शेजारी हे ठेवा म्हणजे फरक कळेल.

१९८४ सालचा तिचा स्वतःचा एक फोटो आहे. मित्रानं मारलं, त्याला महिना झालाय. एका डोळ्यात अजून रक्त साकळलेलं, ओठाला लालभडक लिपस्टिक, आणि नजर सरळ आपल्यावर. आरोपीच्या फोटोसारखाच समोरून काढलेला. पण इथं तपासणी चाललीय ती आपली. १९८८ साली ती नशा सोडवायला दवाखान्यात गेली, तिथंही स्वतःचे फोटो काढले. रात्रीच्या फ्लॅशवर जगलेल्या तिच्या फोटोत तिथं दिवसाचा उजेड आला. हा तो तिसरा फोटो, जो पोलिसांच्या फाईलीत कधीच लागत नाही.

पण गोष्ट तिथं संपली नाही. २०१४ साली तिच्या मनगटाचं ऑपरेशन झालं, डॉक्टरनं ऑक्सिकॉन्टिन लिहून दिलं. कायदेशीर, चिठ्ठीवरचं. पुन्हा गुलामी, ती थेट २०१७ पर्यंत. हे औषध पर्ड्यू फार्मा कंपनीनं १९९६ साली बाजारात आणलं. मालक सॅकलर घराणं. व्यसनाचा धोका लपवून माल विकल्याचा गुन्हा कंपनीनं २००७ साली कबूल केला, २०२० साली आणखी काही गुन्हे. १९९९ ते २०१९ ह्या वीस वर्षांत अफूच्या जातीच्या औषधांनी नि नशांनी अमेरिकेत जवळपास ५ लाख माणसं मेली. ती सगळी एका गोळीनं नाही, पण ह्या गोळीनं दार उघडलं. सॅकलर घराण्यातल्या एकावरही फौजदारी खटला झाला नाही. त्यांचा आरोपीचा फोटो निघाला नाही. त्यांची नावं मात्र जगातल्या मोठमोठ्या म्युझियमच्या भिंतींवर दगडात कोरलेली.

गोल्डिननं आपल्या गोळ्यांचे, रिकाम्या बाटल्यांचे, स्वतःचे फोटो २०१८च्या जानेवारीत आर्टफोरम मासिकात छापले आणि ‘पेन’ नावाची संघटना उभी केली. मार्च २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये, सॅकलर दालनातल्या पाण्यात त्यांनी औषधाच्या बाटल्या फेकल्या आणि मेल्यासारखे जमिनीवर पडून राहिले. फेब्रुवारी २०१९ मध्ये गुगेनहाइमच्या वरच्या मजल्यांवरून चिठ्ठ्यांचा पाऊस पाडला. लंडनची नॅशनल पोर्ट्रेट गॅलरी म्हणजे चेहऱ्यांसाठीच बांधलेलं घर. सॅकलरांचे दहा लाख पौंड घेतलेत तर माझं प्रदर्शन होणार नाही, असं तिनं बजावलं. मार्च २०१९ मध्ये ती देणगी बारगळली. जुलैत लूव्हरनं नाव झाकलं, डिसेंबर २०२१ मध्ये मेट्रोपॉलिटननं उतरवलं.

एक गोष्ट विसरू नका. म्युझियमवाल्यांनी तिचं ऐकलं, कारण तिचेच फोटो त्यांच्या भिंतींवर आणि संग्रहात होते. मल्टनोमाच्या फोटोतली बाई बाटल्या फेकायला गेली असती तर तिचा आणखी एक फोटो निघाला असता, एवढंच. गोल्डिनला हे पुरतं माहीत होतं. आपल्या नावाचं वजन तिनं दुसऱ्यांच्या तागडीत टाकलं. फोटोची कला तिथं संपते की सुरू होते, ह्यावर पांढरपेशे समीक्षक भांडत बसोत. मला ते तिचं सर्वांत मोठं पोर्ट्रेट वाटतं: भिंतीवरची रिकामी जागा.

भिंतीवरच्या नावाचा हा प्रकार आपल्या मुंबईला नवा नाही. ऑक्सिकॉन्टिन बनतं ते अफूच्या झाडातल्या द्रव्यापासून, आणि एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जायची. इंग्रजांच्या लेखी कायदेशीर, चीनच्या लेखी चोरटी. त्या व्यापारातले बडे आसामी सर जमशेटजी जीजीभॉय. पहिलं अफूचं युद्ध १८४२ साली संपलं, त्याच वर्षी त्यांना ‘सर’ ही पदवी मिळाली. १८४५ साली जे. जे. हॉस्पिटल उघडलं, १८५७ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. कापसाचा पैसाही त्यात होता, दानही खरं होतं. त्या हॉस्पिटलच्या रांगेत आपली कितीतरी माणसं बरी झाली. टाऊन हॉलमध्ये त्यांचा संगमरवरी पुतळा आहे. आणि चीनमधल्या अफू ओढणाऱ्याचं काय? त्याला स्टुडिओत चटईवर आडवा करून, हातात नळी देऊन फोटो काढले, नि साहेबलोकांना पोस्टकार्ड म्हणून विकले. आपल्यातली जी पोरं जे. जे.त चित्रकला शिकतायत त्यांनी हे दोन चेहरे एकदा शेजारी शेजारी लावून बघावेत. डावीकडे कोण, उजवीकडे कोण, ते त्यांनीच ठरवावं.

१० मार्च २०२२ रोजी पर्ड्यूच्या दिवाळखोरीच्या कोर्टात सॅकलरांना पहिल्यांदा समोर बसून ऐकावं लागलं. समोर म्हणजे व्हिडिओवर. ज्यांची माणसं गेली ते आईबाप एकेक करून बोलले. एका आईनं, मुलगा मेलेला सापडला तेव्हा मदतीसाठी केलेल्या फोनचं रेकॉर्डिंग लावलं. गोल्डिनही बोलली. तेरेसा सॅकलर आणि डेव्हिड सॅकलर ह्यांचे चेहरे पडद्यावर दिसत होते. कंपनीचा एके काळचा प्रमुख रिचर्ड सॅकलर फक्त आवाजावर हजर होता. कॅमेरा नव्हता.