नामांतर आणि सुरक्षा प्रमाणपत्रांचे नूतनीकरण : धाराशिवच्या संदर्भात एक चिकित्सा

व्यापारी व्यवहारात परवान्याचे नूतनीकरण ही वर्षातून एकदा उरकावयाची बाब मानली जाते. संकेतस्थळाच्या सुरक्षा प्रमाणपत्राकडेही त्याच दृष्टीने पाहिले गेले. ही धारणा आता टिकणारी नाही. प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्था व ब्राउझर निर्माण करणाऱ्या कंपन्या यांच्या ‘सीए/ब्राउझर फोरम’ या मंचाने एप्रिल २०२५ मध्ये कमाल मुदत ३९८ दिवसांवरून टप्प्याटप्प्याने घटविण्याचे ठरविले : १५ मार्च २०२६ पासून २००, १५ मार्च २०२७ पासून १०० आणि १५ मार्च २०२९ पासून अवघे ४७ दिवस.

या निर्णयामागील तर्क निराधार नाही. प्रमाणपत्र रद्द झाल्याची नोंद ब्राउझर प्रत्येक वेळी खात्रीपूर्वक तपासत नाहीत. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रमाणन यंत्रणेतून गूगलच्या डोमेनची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे जुलै २०१४ मध्ये उघड झाले. प्रमाणन प्राधिकारी नियंत्रकांनी संबंधित मध्यस्थ प्रमाणपत्रे रद्द केली, तरीही गूगलने क्रोममध्ये भारतीय मूळ प्रमाणपत्राची मान्यता मोजक्याच डोमेनपुरती मर्यादित केली. अल्प मुदत हा अशा प्रसंगी एक आधार ठरतो. मात्र वर्षातून किमान आठ वेळा हाताने नूतनीकरण करणे लहान व्यावसायिकास अशक्यप्राय आहे. स्वयंचलित पद्धत उपलब्ध आहे. ‘लेट्स एन्क्रिप्ट’सारखी संस्था २०१५ पासून विनामूल्य प्रमाणपत्रे देते. खरी अडचण तंत्राची नसून मालकीची आहे. डोमेन, होस्टिंग व सूचनांचा ई-मेल पत्ता हे तिन्ही संकेतस्थळ बनवून देणाऱ्याच्या नावावर असतील, तर मुदत संपल्याचे व्यावसायिकास ग्राहकाकडूनच कळणार.

धाराशिव जिल्ह्यात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. शहराच्या नामांतरास केंद्राची मान्यता २४ फेब्रुवारी २०२३ रोजी मिळाली. जिल्ह्याच्या नामांतराची अधिसूचना १५ सप्टेंबर २०२३ रोजी निघाली. दुकानाची पाटी एका दिवसात बदलता येते, डोमेनचे तसे नाही. साधे प्रमाणपत्र व्यवसायाची ओळख पटवीत नाही. ते केवळ विशिष्ट डोमेन कोणाच्या ताब्यात आहे एवढेच सांगते. त्यामुळे ‘उस्मानाबाद’ हा शब्द असलेले डोमेन सोडून नवे घेतल्यास नवे प्रमाणपत्र लागतेच. शिवाय जुन्या पत्त्याचेही चालू ठेवावे लागते. कारण जुन्या सुरक्षित दुव्यावरून आलेल्या ग्राहकास नव्या पत्त्याकडे वळविण्यापूर्वीच ब्राउझर जुने प्रमाणपत्र तपासतो. ते कालबाह्य असेल, तर त्याच्यासमोर प्रथम धोक्याचा इशाराच येतो. म्हणजे नामांतराने नूतनीकरणाचे काम दुप्पट केले, आणि मुदतकपातीने ते अनेकपट.

खर्च वाचविण्यासाठी जुने डोमेनच सोडून देणे हा याहून घातक मार्ग होय. सोडलेले डोमेन कोणालाही विकत घेता येते, आणि घेणाऱ्यास त्याचे वैध प्रमाणपत्र काही मिनिटांत मिळते. नवरात्रात तुळजापुरी मुक्कामाची खोली आगाऊ नोंदविणाऱ्या भाविकाला अशा पत्त्यावर ब्राउझर कोणताही इशारा देणार नाही.