देहभार, मेद आणि स्मृती : एक चिकित्सा

मराठीत ‘लठ्ठ’ ह्या शब्दास ‘मठ्ठ’ हे यमक सहज सापडते, आणि यमकाने जुळलेली गोष्ट सिद्ध झालेली मानण्याची लोकांची खोड जुनी आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, एकविसाव्या अध्यायात, अतिस्थूलाचे आठ दोष सांगितले आहेत. त्यांत आयुष्याचा ऱ्हास आहे, दौर्बल्य आहे, घामाचा त्रास आहे, परंतु स्मृतिनाश नाही. हा संबंध आधुनिक संशोधनाने जोडलेला आहे. तो निराधार मुळीच नव्हे. तथापि देवणीसारख्या तालुक्यात वजनकाटा व छापील प्रश्नावली घेऊन जाणाऱ्या संशोधकाने तो कोणत्या स्वरूपात स्वीकारावा, हे तपासून घेणे अवश्य आहे.

कॅलिफोर्नियातील १०,२७६ व्यक्तींच्या नोंदींवर आधारलेला, २००५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास असे दाखवितो की, चाळीस ते पंचेचाळीस ह्या वयात स्थूल असलेल्यांना उतारवयात स्मृतिभ्रंश होण्याचा संभव प्रमाणशीर वजनाच्या माणसांहून ७४ टक्क्यांनी अधिक होता. ह्याच्या नेमके उलट २०१५ साली ब्रिटनमधील सुमारे वीस लाख लोकांच्या वैद्यकीय नोंदींवरून निष्पन्न झाले : तेथे धोका कृशांना अधिक, स्थूलांना कमी. ह्या विसंगतीचा उलगडा लंडनमधील सरकारी नोकरांच्या ‘व्हाइटहॉल’ अभ्यासाने २०१८ साली बऱ्याच अंशी केला. पन्नाशीतील स्थूलता धोका वाढविते. परंतु निदानापूर्वी सुमारे आठ वर्षांपासूनच रुग्णाचा देहभार इतरांहून कमी आढळू लागतो. म्हणजे सत्तरीच्या माणसाला काट्यावर उभे करून मिळालेला आकडा हा रोगाचे कारण नसून त्याचा परिणामही असू शकतो.

हे घडते कसे, ह्याविषयी फारसा वाद नाही. पोटातील मेद दाहजनक द्रव्ये रक्तात सोडतो, इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद मंदावतो, सूक्ष्म रक्तवाहिन्या बिघडतात, निद्रेत श्वास अडतो. आणि स्मृतीला अत्यावश्यक असा मेंदूचा भाग जो हिप्पोकॅम्पस, त्याला ह्या साऱ्यांची झळ पोहोचते. ह्यांत मुख्य कर्ता मेद आहे, वजन नव्हे.

आणि येथेच आपल्या मोजमापाचा दोष उघड होतो. वजनाला उंचीच्या वर्गाने भागण्याचे सूत्र बेल्जियन गणिती केतले ह्याचे, एकोणिसाव्या शतकातील. त्याला ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव १९७२ साली अॅन्सेल कीझ ह्यांच्या लेखाने मिळाले. ते समूहासाठी आहे, व्यक्तीचा मेद सांगण्यासाठी नव्हे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन ह्यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच उदाहरणे मांडली. दोघांचाही निर्देशांक २२.३, परंतु युडकिन ह्यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील नवजात अर्भकांचे सरासरी वजन २.७ किलो, साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५, परंतु ही तूट मुख्यतः स्नायूंत होती, त्वचेखालील मेदात त्या मानाने फारच कमी. ‘वानेरा’, ‘बालंक्या’, ‘शेवरा’ हे भेद दुरून ओळखणारा देवणी गुरांचा पारखीदेखील अंगावर हात फिरविल्यावाचून चरबीविषयी बोलत नाही. आमचे प्रबंधकार मात्र एका भागाकारावर विसंबतात.

त्याच सहा खेड्यांच्या, १९९३ साली सुरू झालेल्या अभ्यासातून आणखी एक गोष्ट निघाली, व माझ्या मते तीच अधिक मोलाची आहे. गर्भारपणी ज्या मातांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी होते, त्यांची मुले नवव्या वर्षी अवधान व अल्पकालीन स्मृतीच्या चाचण्यांत मागे पडली. सहाव्या वर्षीच्या तपासणीत, मातेचे फोलेट जितके अधिक तितका मुलांत मेद अधिक, आणि त्याबरोबर ब-१२ कमी असल्यास इन्सुलिनचा प्रतिरोध सर्वांत तीव्र, असे दिसले होते. म्हणजे मेद आणि दुबळी स्मृती ही दोन्ही एकाच मुळातून, मातेच्या पोषणातून, उगवलेली असू शकतात. अशा ठिकाणी प्रौढांत दोहोंचा सहसंबंध सापडला, म्हणून एकाने दुसरे घडविले असे म्हणता येणार नाही.

स्मृतीच्या मापाचे दुखणे वेगळे. पाश्चात्य चाचणीत कागदावरील वाक्य वाचून डोळे मिटावयाचे असतात. हरियाणातील बल्लभगड येथे निरक्षरांसाठी १९९५ साली सिद्ध झालेल्या हिंदी चाचणीत परीक्षक स्वतः डोळे मिटतो, व समोरच्याने त्याचे अनुकरण करावयाचे असते. शाळेचे तोंड न पाहिलेली देवणीकडील आजी इसवी सनाचा आकडा चुकेल. परंतु १९७२ च्या दुष्काळात किंवा १९९३ च्या भूकंपात कोणते लेकरू केवढे होते, हे ती बिनचूक सांगेल. तिचे शून्य गुण स्मृतीचे नव्हेत, शाळेचे आहेत. आणि शेतात राबून कृश राहिलेली स्त्री बहुधा निरक्षरच असल्याने ‘कृशांची स्मृती मंद’ असा विपरीत निष्कर्षही पदरात पडावयाचा.

तेव्हा वजनाबरोबर कमरेचा घेर, रक्तातील ब-१२ आणि शाळेतील वर्षे ह्यांची नोंद घेणे हे किमान होय. चाळिशीतील वजनाची नोंदच जेथे बहुतेकांची नाही, तेथे आजच्या वृद्धांवरून कारण शोधू नये. आज चाळिशीत असलेल्यांपासून आरंभ करावा. एम. ए. च्या प्रबंधिकेला मिळणाऱ्या दोन वर्षांत ह्याचा केवळ पहिला तक्ता तयार होईल. पुढील पंचवीस वर्षे तो जपण्याचे काम विभागाचे आहे, विद्यार्थ्याचे नव्हे.