दुसऱ्याचे गाणे, आपला गळा

"छे! मूळ गाण्याची सर नाही." हे वाक्य आपल्याकडे इतक्या सहजपणे उच्चारले जाते की, मूळ म्हणजे नेमके काय, हा प्रश्न मनात येतच नाही. जुने गाणे नव्या गळ्यातून आले की नाक मुरडायचे, हा जणू रसिकतेचा दंडकच होऊन बसला आहे. आम्हां हिंगोलीकरांना मात्र हा दंडक पाळणे कठीण जाते. कयाधूच्या काठच्या ज्या नर्सीचा आम्ही अभिमान मिरवतो, तेथल्या नामदेवमहाराजांचा एकही अभंग त्यांच्या तोंडून कसा निघाला, हे आज कोण सांगणार? सातशे वर्षे आपण ऐकत आलो, ते सगळे दुसऱ्याच्याच गळ्यातले नामदेव.

इंग्रजीत अशा नव्याने गायलेल्या गाण्याला 'कव्हर व्हर्शन' म्हणतात. रॉक संगीतात हा प्रकार उदंड आहे. तेथे मूळ गाणे तबकडीवर, तारीखवार नोंदलेले असते. त्यामुळे तुलना करायला सोय पडते. १९५५ साली लिटल रिचर्ड या कृष्णवर्णीय गायकाने 'टुटी फ्रुटी' हे गाणे बेभान होऊन गायिले. दुसऱ्याच वर्षी पॅट बून या गोऱ्या गायकाने तेच गाणे इस्त्री करून, भांग पाडून पुढे आणले आणि खपाच्या यादीत ते मूळ गाण्याच्याही वर जाऊन बसले! शब्द बरेचसे तेच, चालही तीच. गेला तो फक्त जीव. वाईट पुनर्गायनाचा नमुना पाहायचा असेल, तर तो हा.

याच्या उलट नमुने पाहा. ओटिस रेडिंगने १९६५ साली गायिलेले 'रिस्पेक्ट' हे दमून घरी येणाऱ्या पुरुषाचे मागणे होते. १९६७ साली ॲरेथा फ्रँकलिन या गायिकेने तेच गाणे घेतले आणि ते बाईचे मागणे झाले. मागणे कसले, ठणकावून सांगणे झाले. बॉब डिलनचे १९६७ सालचे 'ऑल अलाँग द वॉचटॉवर' हे साध्या गिटारीवरचे, थोडक्यात आटोपलेले गाणे. पुढच्याच वर्षी जिमी हेंड्रिक्सने आपल्या विजेच्या गिटारीने त्यात असे वादळ उठवले की, पुढे खुद्द डिलनही ते गाणे हेंड्रिक्सच्या वळणाने गाऊ लागला. आणि जॉनी कॅश? ट्रेंट रेझ्नर या तरुणाने १९९४ साली प्रसिद्ध केलेले 'हर्ट' त्याने २००२ साली गायिले, तेव्हा तो सत्तरीचा होता आणि आजाराने खंगला होता. शब्दांत फरक केला नावापुरता. पण तरुणाची वेदना होती तेथे म्हाताऱ्याचा जमाखर्च उभा राहिला.

यावरून माझ्यापुरती मी एक कसोटी ठरवली आहे. नव्या गायकाला ते गाणे गाण्याचे स्वतःचे असे काही कारण होते काय? असेल, तर त्याने चाल मोडली तरी गाणे उभे राहते. नसेल, तर चाल तंतोतंत पाळूनही ते आडवे पडते.

ही कसोटी घेऊन आता आपल्या अंगणात येऊ. अभंगाची घडणच मुळी अशी की, तो कोणत्याही चालीला नाही म्हणत नाही. मोठ्या अभंगाच्या पहिल्या तीन चरणांत सहासहा अक्षरे, चौथ्यात चार, दुसऱ्यातिसऱ्याचे यमक. हे माप एकदा तोंडात बसले की, काकड्याच्या वेळी एक चाल, दिंडीत पावलांबरोबर दुसरी, एकादशीच्या जागराला तिसरी. पुढच्याने चरण टाकायचा आणि टाळकऱ्यांनी तो झेलायचा. म्हणजे पुन्हा म्हणणे हा अभंगाच्या बाबतीत नंतर आलेला प्रकार नव्हे. तो त्याचा जन्मस्वभावच आहे.

नामदेवांचे 'तीर्थ विठ्ठल' भीमसेन जोशी यांनी गायिले. चाल राम फाटकांची, राग अहिरभैरव. गायक गदगचा, किराणा घराण्यात वाढलेला. त्याने हा अभंग दिंडीतून उचलून मैफलीत नेला. त्यात काही हरवले, हे कबूल केले पाहिजे. झेलणारे टाळकरी मागे सरले आणि एकाच गळ्याचे राज्य आले. पण मिळाले काय? एकच नाव पुन्हा पुन्हा घेताना ते दर वेळी नवे कसे होते, हे स्वरांनी दाखवणारा आर्त पुकारा. कारण होते, म्हणून गाणे उभे राहिले. माणिक वर्मांचे 'अमृताहुनी गोड' हेही नामदेवांचेच. पण तेथे मैफलीचा डौल नाही, सकाळच्या देवघराचा गोडवा आहे. दोन्ही नामदेव खरे.

याहून नवलाचे ऐकायचे असेल, तर दूर जायला नको. शेजारच्या नांदेडला हुजूर साहिबात जावे. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत, तीही रागवार. पंजाबी वळणाने ती गायिली जाऊ लागली की, आमच्या नर्सीचा शिंपी तेथे 'भगत नामदेवजी' होऊन बसलेला दिसतो. ओळखू येत नाही आणि तरी आपलाच वाटतो. पंजाबातल्या ज्या घुमानशी नामदेवांचे नाव जोडलेले आहे, तेथे २०१५ साली मराठी साहित्य संमेलन भरले, ते याच नात्यापोटी. मुंबईच्या 'अभंग रिपोस्ट' या तरुणांच्या वाद्यवृंदाने संतांच्या अभंगांना गिटार आणि ड्रमची जोड दिली आहे. ती ऐकून कित्येक वडीलधारे कानांवर हात ठेवतात. मला ती सगळीच रुचते असे नाही. पण त्यातली ठेक्याची झिंग दिंडीतल्या पावलीला परकी नाही. याउलट मिरवणुकीत भिंतीएवढे कर्णे लावून, अभंगाचे एकच पालुपद कापून त्याची दळणयंत्रासारखी घरघर चालते, तिला मी पॅट बूनच्याही खाली बसवीन. त्याने निदान गाणे शेवटपर्यंत म्हटले होते!

पण वाचकहो, मला खरी धास्ती कर्ण्यांची नाही, आदर्शाची आहे. काही वर्षांपूर्वी जिल्ह्यातल्या एका अभंगगायन स्पर्धेला मी परीक्षक होतो. बारा मुलांनी अभंग म्हटले. अकरा जणांनी ध्वनिमुद्रिकेतल्या चाली उचलल्या होत्या. तानेनंतरची दम घेण्याची जागासुद्धा तीच. बारावी मुलगी आपल्या आजीच्या जात्यावरच्या चालीत गायिली. आवाज लहान, पण शब्द कसा स्वच्छ ऐकू येत होता! सहपरीक्षकांनी शेरा मारला, "चाल चुकली." मी पुष्कळ भांडलो. बक्षीस तिला मिळाले नाही ते नाहीच. भीमसेनांनी धिटाईने एक नवी वाट पाडली आणि आम्ही त्या वाटेला कुंपण घालून तिचा कायदा केला. जो स्वतः नक्कल करून मोठा झाला नाही, त्याची नक्कल म्हणजेच परंपरा, असे आमची मुले शिकत आहेत.

औंढ्या नागनाथाची कथा आपणां सर्वांना ठाऊक आहे. नामदेवांना देवळापुढे कीर्तन करू दिले नाही, म्हणून ते मागे जाऊन उभे राहिले, तर देऊळच त्यांच्याकडे फिरले! मी या कथेकडे समीक्षक म्हणून पाहतो. गाणाऱ्याने कुठे उभे राहावे, हे व्यवस्थापकांनी ठरवले होते. देवाने मात्र कान दिला तो आवाज जेथून येत होता तेथे.

तेव्हा या दिवाळीत एक करा. भाऊबिजेला घर भरलेले असेल, फराळाची ताटे रिकामी झालेली असतील. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एखादा अभंग म्हणायला सांगा. रेडिओवरचा नव्हे, त्यांच्या गावच्या चालीतला. हातातल्या फोनवर तो टिपून ठेवा. आणि मग घरातल्या सर्वांत लहान मुलाला तोच अभंग त्याला येईल तसा म्हणू द्या. "चाल चुकली" असे मात्र कुणी म्हणू नका.